खोकला नसलेला क्षय

क्षयरोगाबद्दल आपल्याकडे दोन समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की त्या तपासून पाहाव्यात असे कोणाला वाटत नाही. पहिली सामान्य माणसाची: दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हणजे टीबीची शंका. आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ती वर्षानुवर्षे रंगवलेली आहे आणि एकूण लोकसंख्येपुरती ती योग्यही आहे. दुसरी समजूत आम्हा डॉक्टरांची: क्षय फुप्फुस सोडून भलतीकडेच निघाला, तर ते दुर्मीळ प्रकरण, परिषदेत सांगण्याजोगे. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत या दोन्ही समजुती उथळ आहेत आणि त्यांची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

माझे म्हणणे असे आहे. डायलिसिसवरच्या रुग्णात क्षय वेगळ्या वाटेने येतो, यात योगायोग काही नाही. तो तसाच येणार हे आधीच सांगता येते. तरीही निदानाला महिनोन्‌महिने लागतात, कारण त्याच्या जवळजवळ प्रत्येक लक्षणाला डायलिसिसमध्येच एक तयार, पटणारे आणि बहुतेक वेळा खरेही ठरणारे कारण मिळते. म्हणून उपाय महागड्या नव्या चाचणीत कमी आणि विचारांच्या शिस्तीत जास्त आहे. एखादे लक्षण डायलिसिसच्या खात्यावर टाकायचे असेल तर खुशाल टाकावे. पण त्या कारणाला मुदत घालून द्यावी. मुदतीत त्या कारणाचा उपाय लागू पडला नाही, तर ते कारण सोडून द्यावे.

१. शरीरात आधी काय बिघडलेले असते

बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये सिअ‍ॅटलला हाताच्या धमनीत आणि शिरेत कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली आणि मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे यंत्राच्या आधारे जगू शकतो हे सिद्ध झाले. त्यानंतर दीड दशक उलटण्याच्या आतच या रुग्णांमध्ये क्षय नेहमीपेक्षा जास्त आढळतो, अशी निरीक्षणे वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. धोका किती पटींनी वाढतो, याचे आकडे देशागणिक आणि अभ्यासागणिक बदलतात: कुठे सहा-सात पट, कुठे पन्नास पटींच्या घरात. नेमका आकडा कोणताही धरा, दिशेबद्दल कोणाचे दुमत नाही. अनेक अभ्यासांत असेही दिसते की डायलिसिस सुरू झाल्यानंतरचे पहिले वर्ष सर्वांत धोक्याचे असते.

कारण समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. भारतातल्या प्रौढांपैकी तीस ते चाळीस टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. निरोगी माणसात त्यांच्याभोवती प्रतिकारपेशी वेढा घालून बसलेल्या असतात. या वेढ्यालाच ग्रॅन्युलोमा म्हणतात. वेढा टिकवणे हे टी-पेशींचे आणि त्यांनी चेतवलेल्या भक्षकपेशींचे काम. मूत्रपिंडे बंद पडल्यावर रक्तात जे विषारी घटक साचतात ते नेमक्या याच पेशींना मंद करतात. डायलिसिसचे यंत्र युरिया, पोटॅशियम आणि पाणी काढते; प्रतिकारशक्ती परत देत नाही. त्यात अन्नाची वासना गेलेली आणि प्रथिने कमी पडलेली. आपल्याकडे मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमुख कारण मधुमेह, आणि तो एकटाच क्षयाचा धोका दोन-तीन पट वाढवतो. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्वाची टंचाई: भक्षकपेशी जंतू मारण्यासाठी जे रसायन बनवतात, त्याला हे जीवनसत्त्व लागते.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुप्फुसात पोकळी पडणे, त्यातून खोकला, बेडका आणि रक्त येणे, ही सगळी शरीराच्या जोरदार प्रतिकाराची खूण आहे. पोकळी जंतू एकटे पाडत नाहीत. प्रतिकारपेशींच्या हल्ल्यात ऊती वितळतात तेव्हा ती पडते. प्रतिकार मंदावला की पोकळी कमी, खोकला कमी, बेडक्यातले जंतूही कमी. वेढा मात्र सैल झालेला असतो, त्यामुळे जंतू रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून कुठेही जाऊन बसतात: मानेतल्या गाठी, छातीचे आवरण, पोटाचे आवरण, मणके. भारतातल्या एकूण क्षयरुग्णांत फुप्फुसाबाहेरचा क्षय साधारण पाचात एक ते चारात एक; डायलिसिसवरच्या रुग्णांच्या कित्येक अभ्यासांत तो निम्म्याहून अधिक. जे निम्म्याहून अधिक रुग्णांत घडते त्याला दुर्मीळ म्हणण्यात काय अर्थ आहे?

२. प्रत्येक लक्षणाला तयार उत्तर

वजनापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोटाळा तिथे उघड दिसतो.

डायलिसिसच्या खोलीत शिरताना दाराशी वजनकाटा असतो. रुग्ण चपला काढून त्यावर उभा राहतो, टेक्निशियन आकडा कागदावर लिहितो आणि त्यातून ‘ड्राय वेट’ वजा करतो. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन. समजा ते बावन्न किलो ठरले आहे आणि आज काटा साडेचोपन्न दाखवतो. मग अडीच किलो पाणी काढायचे. हिशेब स्वच्छ आहे. पण तो एका गृहीतकावर उभा आहे: हाडामांसाचे वजन कायम आहे.

क्षयात माणूस झिजतो. दोन महिन्यांत त्याचे तीन किलो मांस गेले, तर त्याचे खरे ड्राय वेट एकोणपन्नास झालेले असते. कागदावर मात्र बावन्नच. दर वेळी यंत्र त्याला बावन्नवर आणून सोडते, म्हणजे तीन किलो पाणी अंगातच राहते. गेलेल्या मांसाची जागा पाण्याने भरली आणि काट्याला काहीच कळले नाही. क्षयाचे सर्वांत जुने लक्षण, ज्यावरून या रोगाला नाव पडले ती झीज, इथे कागदावरून पुसली जाते. उलट रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते, रात्री आडवे झाल्यावर धाप लागते. याचे तयार उत्तर काय? रुग्ण पाणी जास्त पितो. मग त्याला दटावले जाते, बायकोला बोलावून समज दिली जाते, घरी पेला मोजून पाणी मिळू लागते. तहानेने व्याकूळ माणूस वर खोटारडा ठरतो. हे मला फार क्रूर वाटते, आणि ते कोणाच्याही दुष्टपणाशिवाय घडते. गालफडे, दंड, खांद्याखालचा खळगा यांकडे कोणी नीट पाहिले असते, किंवा ‘सदरा ढिला होतोय का’ एवढे विचारले असते, तरी काटा खोटा पडला असता.

ताप. गळ्यातून किंवा मांडीतून टाकलेले कॅथेटर असेल तर तापाचे पहिले कारण कॅथेटरचा जंतुसंसर्ग, आणि ते धरणे बरोबरच आहे. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला असेल तर ‘मशीनची रिअ‍ॅक्शन’. शिवाय या रुग्णांचे अंग मुळातच थोडे थंड असते, त्यामुळे ९९.५ चा ताप त्यांच्यासाठी मोठा असू शकतो. आणि ताप मोजला जातो तो केंद्रावर, सकाळच्या पाळीत. क्षयाचा ताप संध्याकाळचा. तेव्हा रुग्ण घरी, गोधडी पांघरून पडलेला असतो.

छातीत पाणी. डायलिसिसवरच्या माणसाच्या छातीत पाणी झाले तर ते जादा पाण्यामुळे, हे उत्तर दहांपैकी बहुतेक वेळा खरे. मात्र जादा पाणी सहसा दोन्ही बाजूंना साचते आणि वजन उतरवले की ओसरते. एकाच बाजूला साचलेले, चार-पाच डायलिसिस होऊनही हटत नसलेले पाणी वेगळे काही सांगत असते. हृदयाच्या आवरणातल्या पाण्याचेही तेच: युरिया वाढल्याने ते होते हे पाठ्यपुस्तकातले उत्तर जिभेवर तयार असते. पोटात पाणी झाले तर डायलिसिसशी संबंधित जलोदर, किंवा यकृत, किंवा हृदय. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांत तर आणखी एक सापळा आहे. पिशवीतून बाहेर येणारे पाणी गढूळ दिसते, त्यात पांढऱ्या पेशी सापडतात, पिशवीतून प्रतिजैविके सुरू होतात, कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. क्षयात लिंफोसाइट पेशी वाढतात असे सगळे शिकलेले असतात. पण या रुग्णांत क्षय असूनही न्यूट्रोफिल पेशीच वरचढ असू शकतात. अहवाल पाहून क्षयाचे नाव यादीतून कापले जाते.

पाठदुखी म्हणजे मूत्रपिंडविकाराने पोखरलेली हाडे, किंवा वर्षानुवर्षांच्या डायलिसिसने सांध्यांत साचणारे अमायलॉइड. अमायलॉइडमुळे मणक्यांमधली चकती झिजते, आणि क्षयातही चकतीच पोखरली जाते. एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसू शकतात. फरक इतका की अमायलॉइडला बहुधा बरीच वर्षे लागतात आणि ते जास्त करून मानेत दिसते. डायलिसिस सुरू होऊन वर्षही न झालेल्या माणसाच्या कमरेत ते शोधणे म्हणजे वेळ दवडणे. एमआरआयला गॅडोलिनियमची भीती आडवी येते. ती रास्त आहे, पण मणक्याचा क्षय पाहण्यासाठी ते औषध न टोचता काढलेला साधा एमआरआयही पुष्कळ सांगून जातो.

रक्त न वाढणे हे आणखी एक. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू आहेत, लोह दिले आहे, तरी हिमोग्लोबिन सातवर अडकलेले. शरीरात कुठेतरी दाह धुमसत असला की यकृत हेप्सिडिन जास्त सोडते आणि साठ्यातले लोह कोंडून ठेवते. फेरिटिन वाढलेले दिसते, म्हणजे लोह भरपूर आहे असा निष्कर्ष निघतो आणि इंजेक्शनचा डोस तेवढा वाढवला जातो.

३. कॅल्शियमची साक्ष

एका लक्षणाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे, कारण ते फार कमी वेळा विचारात घेतले जाते आणि ते तर्काच्या दृष्टीने सुंदर आहे.

‘ड’ जीवनसत्त्व कामाला लागण्याआधी त्याच्यावर शेवटचा संस्कार मूत्रपिंडात व्हावा लागतो. मूत्रपिंडे गेली की तो होत नाही. म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णाचे कॅल्शियम खाली जाण्याकडे झुकते. अशा रुग्णाचे कॅल्शियम वाढू लागले तर काय समजायचे? तयार उत्तर असते: फॉस्फरस बांधण्यासाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, कॅल्सिट्रिऑल (म्हणजे औषध म्हणून दिलेले क्रियाशील ‘ड’ जीवनसत्त्व), नाहीतर पॅराथायरॉइड ग्रंथी. तिन्ही शक्य आहेत. पण क्षयाच्या ग्रॅन्युलोमातल्या भक्षकपेशींकडे तोच संस्कार करणारे स्वतःचे एन्झाइम असते आणि त्यावर शरीराचा नेहमीचा लगाम चालत नाही. मूत्रपिंडे अजिबात काम करत नसलेल्या माणसात क्रियाशील ‘ड’ जीवनसत्त्व वाढलेले सापडले, तर ते कुठून आले हा प्रश्न टाळताच येत नाही. १९८० च्या दशकातच अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत.

ही साक्ष तपासणे अवघड नाही. गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल थांबवायचे. पॅराथायरॉइडचे संप्रेरक मोजायचे. औषधे बंद करूनही कॅल्शियम चढेच आणि संप्रेरक दबलेले, म्हणजे ग्रंथी निर्दोष. मग ग्रॅन्युलोमा शोधायला लागावे. छाती स्वच्छ असली तरी.

४. चाचण्यांनाही मूत्रपिंड लागते

‘शंका आली की चाचणी करून टाका’ हा सल्ला इथे पुरत नाही. मॉन्टूची चाचणी कातडीखालच्या प्रतिकारावर अवलंबून असते. आणि तोच तर मंदावलेला. अनेक अभ्यासांत डायलिसिसवरच्या चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांची कातडी कशालाच दाद देत नाही, म्हणून नकारात्मक मॉन्टू म्हणजे जवळजवळ निरर्थक कागद. रक्तातली इग्रा चाचणी बरी, पण तिचे ‘अनिश्चित’ असे उत्तर या रुग्णांत जास्त येते, आणि ती निद्रिस्त व जागा क्षय यांत फरक करत नाही. ईएसआर तर सगळ्यांचाच वाढलेला.

बेडक्यात जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. या रुग्णांना मुळात बेडकाच नीट पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेली जीन-एक्स्पर्ट शे-दीडशे जंतूही पकडते, आणि २०२० मध्ये मान्यता मिळालेली गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट तालुक्याच्या पातळीवरही चालू शकते. या चाचण्या मोठा आधार आहेत. पण छाती-पोटातल्या पाण्यात जंतू विरळ असतात आणि तिथे त्यांचे ‘नाही’ हे उत्तर अंतिम मानता येत नाही. आवरणाचा तुकडा किंवा गाठीचा नमुना दिला तर त्या जास्त खरे बोलतात. लघवीतून क्षय ओळखणारी लॅम चाचणी एचआयव्ही रुग्णांना उपयोगी पडली. ज्याची लघवीच बंद झाली आहे त्याला तिचा काय उपयोग?

अर्थ इतकाच की या रुग्णात निदानाचा भरवशाचा मार्ग ऊतींतून जातो. गाठीतून सुईने नमुना, छातीच्या आवरणाचा तुकडा, पोटात दुर्बीण घालून आवरणावरचे दाणे पाहणे, आणि प्रत्येक नमुना पॅथॉलॉजीकडे जसा, तसाच कल्चर आणि जनुकीय चाचणीसाठीही पाठवणे. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवून टाकला की कल्चरची वाट बंद होते. ही बारीक गोष्ट आहे, आणि शस्त्रक्रियागृहात ती नेमकी विसरली जाते.

५. मुदत म्हणजे काय

आता मूळ मुद्दा. डायलिसिसशी जोडलेले प्रत्येक कारण स्वतःसोबत स्वतःचा उपाय घेऊन येते, आणि उपाय म्हणजेच त्या कारणाची परीक्षा.

छातीतले पाणी जादा पाण्यामुळे आहे? मग ड्राय वेट उतरवा. दोन आठवड्यांत ते ओसरले पाहिजे. नाही ओसरले तर सुई घालून तपासा. ताप कॅथेटरमुळे आहे? रक्ताचे कल्चर पाठवा, कॅथेटर बदला, योग्य प्रतिजैविक द्या. कल्चर कोरे आणि दहा दिवसांनीही ताप तसाच, तर ते कारण बाद. कॅल्शियम गोळ्यांमुळे वाढले? गोळ्या थांबवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. रक्त लोहाअभावी वाढत नाही? लोह भरा आणि पाहा. पोटाचे पाणी गढूळ, पण कल्चर कोरे? पाच दिवसांच्या उपचाराने ते स्वच्छ झाले नाही तर क्षय आणि बुरशी शोधा.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. माझ्या मते वाजवी वाटतात ते मी दिले आहेत आणि प्रत्येक केंद्राने आपापले ठरवावेत. महत्त्वाचे आहे ते मुदत आधी लिहून ठेवणे. आधी लिहिली नाही की ती सरकत राहते, कारण रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतोच आहे, पाहिला जातोच आहे. या ओळखीतच धोका आहे. ओपीडीत सहा आठवड्यांनी आलेला माणूस खंगलेला चटकन दिसतो. परवाच पाहिलेल्या माणसाचे खंगणे डोळ्याला दिसत नाही.

आणखी एक नियम याला जोडावा: निदान होण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविके सहज म्हणून देऊ नयेत. ती क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट मारतात. ताप आठवडाभर उतरतो, सगळ्यांना हायसे वाटते, मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते आणि नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता घटते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार: सगळीकडे क्षय दिसू लागला तर उठसूट एकेटी, म्हणजे क्षयाचा उपचार, सुरू होईल. भीती खरी आहे. आपल्याकडे पुराव्याशिवाय क्षयाची औषधे सुरू करण्याची सवय जुनी आहे, आणि डायलिसिसच्या रुग्णाला ती औषधे निरोगी माणसापेक्षा जास्त बाधतात. पण मी मागतो आहे ती शंका, उपचार नव्हे. शंका लवकर आली तर नमुना घ्यायला वेळ उरतो. उशिरा आली तर रुग्ण इतका खालावलेला असतो की अंदाजानेच औषधे देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणजे अंदाजी उपचार वाढवतो तो उशीर. पुष्कळ प्रयत्न करूनही पुरावा मिळाला नाही आणि रुग्ण ढासळतो आहे, अशी वेळ येते, हे मी नाकारत नाही. तेव्हा औषधे द्यावीत. फक्त ‘औषधाने बरे वाटले, म्हणजे क्षयच होता’ असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण रिफाम्पिसिन इतर कित्येक जंतूंनाही मारते. अशा रुग्णाचा ताप उतरला तरी नमुन्यांची कल्चर सहा-आठ आठवडे लावून धरली पाहिजेत.

दुसरा आक्षेप: या रुग्णांत सुया आणि दुर्बिणी घालणे धोक्याचे, रक्त थांबत नाही. युरियामुळे प्लेटलेट नीट चिकटत नाहीत आणि डायलिसिसमध्ये हेपारिन दिलेले असते, हे खरे. पण आदल्या दिवशी हेपारिनशिवाय डायलिसिस करता येते, गरज पडल्यास डेस्मोप्रेसिन देता येते. मानेतली गाठ तर बारीक सुईने तपासली जाते. धोका मोजायचा तर दुसऱ्या पारड्यात निदान न झालेला क्षय ठेवूनच मोजला पाहिजे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत अस्वस्थ करतो. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या जनआरोग्य योजनेतून डायलिसिस मिळते, आणि जिल्ह्याच्या गावीही यंत्रे आली. हे मोठे काम आहे. पण योजना डायलिसिसची फेरी मोजते. त्या खुर्चीवरच्या माणसाला पोटाची दुर्बीण लागली, तर त्याला मोठ्या शहराकडे जावे लागते, आणि तो जाणार कसा? एका दिवसाआड डायलिसिस आहे. क्षयाचा कार्यक्रम दुसऱ्या इमारतीत आणि डायलिसिस केंद्र तिसऱ्या मजल्यावर, अशी विभागणी कागदावर चालते. रुग्णाचे शरीर मात्र एकच असते.

७. निदान झाल्यावरही नेहमीची वाट नाही

२०१७ पासून देशभर क्षयाची औषधे रोज, वजनाप्रमाणे, एकत्रित गोळीतून दिली जातात. सर्वसाधारण रुग्णासाठी ती उत्तम सोय आहे. डायलिसिसच्या रुग्णासाठी तीच अडचण होते. रिफाम्पिसिन पित्तावाटे बाहेर पडते, त्याला डोस बदलावा लागत नाही. आयसोनियाझिडही रोज चालते. पण इथाम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइडचे उत्सर्जित घटक मूत्रपिंडावाटे जातात, म्हणून ही दोन औषधे आठवड्यातून तीनदाच, आणि डायलिसिस संपल्यावर द्यायची. एकत्रित गोळीत हे साधत नाही. सुटी औषधे लागतात. ती मिळाली नाहीत म्हणून रोज एकत्रित गोळीच दिली, तर इथाम्ब्युटॉल साचून डोळ्यांच्या नसेवर घाव बसू शकतो. लाल-हिरव्यातला फरक कमी कळू लागणे ही पहिली खूण असू शकते, आणि मधुमेहाने आधीच नजर गेलेल्या रुग्णाला ती कळणार कशी?

डायलिसिसमध्ये बी-६ जीवनसत्त्व धुऊन जाते आणि आयसोनियाझिड ते आणखी खेचते. पायांची आग, गोंधळ, कधी झटके येतात. पायरिडॉक्सिन सोबत दिलेच पाहिजे. रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवते, त्यामुळे अ‍ॅम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे निष्प्रभ होऊ लागतात. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दाब चढला की पुन्हा तयार उत्तर हजर: पाणी जास्त प्यायला. तीच चूक, दुसऱ्या दाराने.

८. खुर्चीवर बसण्याआधी

डायलिसिस सुरू होताना आणि नंतर ठरावीक काळाने प्रत्येक रुग्णाच्या ब आणि क कावीळ आणि एचआयव्ही या चाचण्या होतात. ब कावीळ असलेल्याचे यंत्रही वेगळे. ही शिस्त आपण अंगवळणी पाडून घेतली. क्षयाबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही, जरी एका बंद, वातानुकूलित खोलीत आठ-दहा दुबळी माणसे चार-चार तास शेजारी बसतात आणि आठवड्यातून दोन-तीनदा तीच माणसे पुन्हा येतात. एकाच्या फुप्फुसात क्षय असेल तर इतक्या सोयीची जागा जंतूला दुसरी मिळणार नाही.

धोरण कागदावर तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डायलिसिसवरच्या आणि प्रत्यारोपणाच्या तयारीत असलेल्या रुग्णांत निद्रिस्त क्षय शोधून त्यावर प्रतिबंधक उपचार द्यावेत असे म्हटले आहे, आणि भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही हे गट आहेत. सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे बारा डोस. दुसऱ्या पद्धतीचे डोस डायलिसिसच्या दिवशी केंद्रातच, डोळ्यांसमोर देता येतात, आणि इतकी सोपी देखरेख दुसऱ्या कोणत्याही रुग्णगटात शक्य नाही. यकृताचा त्रास होऊ शकतो, विशेषतः कावीळ ब किंवा क असेल तर. म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. पण आधीची अट सर्वांत महत्त्वाची: जागा क्षय नाही याची खात्री. जागा असताना एकटे आयसोनियाझिड दिले तर जंतूला त्या औषधाशी लढायला शिकवल्यासारखे होते. आणि खात्री करायची तर वर सांगितलेली सगळी लक्षणे, वजनापासून कॅल्शियमपर्यंत, विचारावी लागतात. ‘खोकला आहे का?’ एवढ्या प्रश्नावर ती होत नाही.

प्रत्यारोपणाची आशा असलेल्यांसाठी हे सगळे अधिक तातडीचे आहे. नवे मूत्रपिंड टिकवण्यासाठी टॅक्रोलिमस द्यावे लागते. त्याने उरलासुरला प्रतिकारही दबतो आणि लपलेला क्षय उसळतो. मग रिफाम्पिसिन द्यावे तर ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पाडते आणि मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका उभा राहतो. आईने किंवा बायकोने दिलेले मूत्रपिंड आणि क्षयाचा उपचार यांत रोज तोल सांभाळत बसावे लागते. डायलिसिस सुरू झाल्यापासून प्रत्यारोपणाची तारीख मिळेपर्यंत सहसा काही महिने जातात. वजनाचा कागद नीट वाचायला, मानेतली गाठ चाचपायला, छातीतल्या हट्टी पाण्यात सुई घालायला आणि लागलेच तर क्षयाचा पूर्ण उपचार उरकायला तोच काळ हाताशी असतो.